पाच अक्षरी कुलपाचं वाकडं शेपूट

मी एक जुनं कुलूप आहे, आणि मला किल्ली नाही. मित्रांनो, एवढं ऐकून लगेच "मग उपयोग काय तुझा?" असं विचारू नका. ते मी जन्मभर ऐकत आलोय. माझ्या पोटावर पाच चकत्या आहेत आणि प्रत्येक चकतीवर दहा इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत. चकत्या फिरवून ठरलेला पाच अक्षरी शब्द रेघेवर आणला की माझी कडी सुटते. नाही आणला तर नाही सुटत. काम म्हटलं तर एवढंच. पण एवढ्याशा कामाने माझा जीव मेटाकुटीला आलाय. आता तुम्ही थांबलाच आहात तर बसा थोडं. सावकाश सांगतो, कारण घाईने काही करायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी वितळलेलं पितळ, मग साचा, मग घासणं, मग अक्षरं कोरणं. जन्मभर सोसायचं आहे याची तालीम तिथेच झाली म्हणा. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसायच्या. चष्मा कपाळावर, पेन्सिल केसांत. दोन्ही गोष्टी त्या दिवसभर शोधत असायच्या. प्रत्येक कुलपावर त्या एकच शब्द लावून बघायच्या, 'हाउस'. कडी सुटली की म्हणायच्या, "चल, नीघ." माझी कडी पहिल्या झटक्यात सुटली तेव्हा त्यांनी मला एकदा तळहातावर तोललं आणि म्हणाल्या, "हे शहाणं आहे." पुढच्या आयुष्यात माझं कौतुक फार कमी झालं, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलंय.

तिथून मी एका हार्डवेअरच्या दुकानात आलो. खिळे, बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्या यांच्यामध्ये काचेच्या कपाटात बसलो. लोक यायचे, मला फिरवायचे आणि आपापला शब्द लावायला बघायचे. पण माझ्या अंगावर सगळी अक्षरं सगळ्या जागी नाहीत. क्यू आहे तो फक्त पहिल्या चकतीवर. झेड तर एकाही चकतीवर नाही. ज्याला झेडवाचून चैन पडत नाही त्याने दुसरं दुकान बघावं. एकदा एका कारकुनाने मला विकत घेतलं, मोठा भारदस्त शब्द लावला आणि सकाळपर्यंत तो विसरून गेला. नशीब, मला अजून कशाला अडकवलं नव्हतं. कडी उघडी तशी मला हातात धरून तो परत आला आणि दुकानदाराला म्हणाला, "याचा भरवसा नाही." विसरला कोण, आणि भरवसा कोणाचा नाही? पण बोलून चालून मी कुलूप. गप्प बसलो. दुकानदाराने माझा शब्द पुन्हा पहिल्यासारखा केला आणि मला कपाटातून काढून खणात टाकलं.

खणात बरेच दिवस गेले. मग त्या दुकानाची पाटी नवी करायची ठरली आणि एक पेंटर आला. पाट्या रंगवणारा माणूस. उंच, हडकुळा, शर्टाच्या बाह्यांवर सगळ्या रंगांचे डाग. त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती, नुकती नीट बोलायला लागलेली. तो शिडीवर चढला की ती शिडीखाली बसून वाळलेल्या रंगाच्या खपल्या काढायची.

काम संपल्यावर दुकानदाराने खण उघडून मला बाहेर काढलं. "पेटीला लाव तुझ्या," तो पेंटरला म्हणाला, "माझ्याकडे पडून आहे नुसतं." पेंटर पायरीवर बसला आणि त्याने मुलीला मांडीवर घेतलं. दुकानदार आपल्या सरबतासाठी लिंबू कापत होता. त्याने गंमत म्हणून एक फोड मुलीच्या हातात दिली. तिने ती सरळ तोंडात घातली. मित्रांनो, त्या क्षणी तिचं तोंड जे काही झालं, ते मी विसरलेलो नाही. डोळे मिटले, नाक वर गेलं, ओठ गायब झाले. आणि एवढं होऊनही तिने फोड टाकली नाही, आणखी चोखली. पेंटर इतका हसला की शिडीला टेकून ठेवलेला ब्रश खाली पडला.

"लेमन," तो म्हणाला. "आजपासून तू लेमन."

नाव ठरलं तसा शब्दही ठरला. बरोबर पाच अक्षरं, आणि पाचही माझ्या अंगावर योग्य त्या चकतीवर. माझा शब्द बदलायचा तर कडी उघडून फिरवायची, दाबून धरायची, नवी अक्षरं लावायची आणि कडी सोडायची. पेंटरने एल लावला, ई लावली, एम लावला, ओ लावला, एन लावला. पण त्याचं लक्ष होतं मुलीच्या तोंडाकडे. तो कडी सोडतोय नेमक्या त्याच वेळी तिने आपलं चिकट बोट माझ्या शेवटच्या चकतीवर ठेवलं. चकती एक घर सरकली. एनच्या जागी शेजारचा टी आला. कडी बसली, आणि माझा शब्द कायमचा ठरला. एल, ई, एम, ओ, टी. जगातल्या कुठल्याच शब्दकोशात नसलेला शब्द.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने 'लेमन' लावलं. मी उघडलो नाही. तो चक्रावला. मग एकेक चकती एक घर पुढे, एक घर मागे करून बघत बसला. शेवटच्या चकतीवर आल्यावर मी उघडलो. तो खळखळून हसला आणि म्हणाला, "च्यायला, शेपूट वाकडं झालं की हिचं." तेव्हाच कडी पुन्हा फिरवून शब्द सरळ करायला कितीसा वेळ लागला असता? पण त्याचा स्वभाव असा होता की दुसऱ्याच्या पाटीवर अक्षर केसभर तिरकं झालं तर सगळं पुसून पुन्हा काढायचं, आणि स्वतःचं काही मोडलं तर म्हणायचं, "चालतंय ना, मग कशाला?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी पेंटरने मुलीला 'लिंबू' अशी हाक मारलेली आईने ऐकली मात्र, आणि ती त्याला म्हणाली, "पोरीला असली आंबट नावं ठेवू नका. चिकटतात ती." झालं. घरात ते नाव बंद पडलं. पण कामावर, शिडीपाशी, दोघंच असले की तो तिला लेमनच म्हणायचा. इंग्रजीत म्हटलं की जणू आईने घातलेली बंदी लागूच होत नव्हती.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. ब्रशांच्या लाकडी पेटीला मी लटकायचो. रोज सकाळी पेंटर मागच्या दाराच्या पायरीवर बसायचा आणि मला ओंजळीत झाकून, मनातल्या मनात अक्षरं म्हणत 'लेमन' लावायचा. मग अंगठ्याने शेवटच्या चकतीला वरच्या बाजूला एक टिचकी द्यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "आणि हे शेपूट." मी उघडायचो. आई दारात पाण्याची बाटली घेऊन उभी असायची. ती ते रोज ऐकायची; मुलगी तेव्हा आत आपलं आवरत असायची. तिला वाटायचं, चकती अडकते, म्हणून नवरा टिचकी मारतो. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती आणि कुलपात तिला रस नव्हता. तिला घरात इतर कामं होती.

मुलगी शाळेला सुट्टी असली की बापाबरोबर जायची. नव्या दुकानाच्या कोऱ्या पाटीखाली उभं राहून दोघं एक खेळ खेळायचे. पेंटर खडूने भिंतीवर पाच चौकोन काढायचा, एखाददुसऱ्या चौकोनात अक्षर भरायचा आणि म्हणायचा, "पाच घरं आहेत. दुसऱ्या घरात आर राहतो, शेवटच्यात डी. बाकीचे भाडेकरू आण." ती कपाळाला आठ्या घालून उभी राहायची. 'ब्रेड' आणायची. तो म्हणायचा, "हे कुटुंब झालं, आता दुसरं." असं करत ती इंग्रजी शाळेत कमी आणि दुकानांच्या कपाळावर जास्त शिकली. मी शेजारी उघड्या पेटीला अडकून ऐकत असायचो. ते दिवस बरे होते. तेव्हाही मी दमायचो, पण रात्रीत थकवा उतरावा इतपतच.

एकदा शिडीवरून तो खाली वाकून तिला म्हणाला होता, "ही पेटी कुणाच्या नावाने उघडते, ठाऊक आहे? लेमनच्या."

"मी उघडू?"

"आत टर्पेंटाइन आहे. मोठी हो, मग उघड."

ती मोठी झाली, पण उघडायचं राहूनच गेलं. कामावर पेटी उघडीच असायची आणि घरी ती उघडायचं काही कारण नव्हतं.

मग छापील बोर्ड आले. एका यंत्रातून सकाळी सांगितलेली पाटी दुपारी निघायला लागली, कितीही मोठी, कितीही रंगांची. पेंटरची कामं आटली. आधी मोठी दुकानं गेली, मग छोटी. शेवटी राहिल्या 'गाडी लावू नये' अशा पाट्या आणि कुणाच्या तरी दारावरचं नाव. तो मला आठवड्यातून एकदाच उघडायला लागला. माझ्या चकत्यांत धूळ बसली. मित्रांनो, फिरून फिरून येतो तो थकवा वेगळा आणि न फिरता येतो तो वेगळा. दुसरा जास्त वाईट.

मुलगी तोवर संगणकावर अक्षरं काढायला शिकली होती. हात बापाचा होता, नजर बापाची होती, फक्त ब्रश नव्हता. एक दिवस दुपारी जेवताना तिने सांगितलं की दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आहे. कुठे? तर बोर्ड छापणाऱ्या कंपनीत. सांगताना तिचा आवाज थोडा चढा होता. वाद होणार म्हणून ती तयारीनेच बसली होती.

पेंटर म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणून तो उठला, मागच्या पायरीवर आला, पेटी उघडून त्याने सगळे ब्रश बाहेर काढले आणि पुसायला घेतले. ब्रश स्वच्छच होते. आतून मुलगी बराच वेळ वाट बघत राहिली असणार, की बाबा आत येतील आणि काहीतरी बोलतील. तो गेला नाही. तीही बाहेर आली नाही. मधे एक दार होतं आणि त्याला तर कुलूपही नव्हतं.

ती गेली. मग फोन यायचे. मी ऐकायचो, कारण फोन घेऊन तो पायरीवरच यायचा. "जेवलीस का? काम बरं आहे ना? आईला देतो." दरवेळी तेच. माणूस भिंतीभर अक्षरं काढायचा, पण तोंडातून पाच अक्षरं निघायची मारामार. फोन आत देऊन झाला की तो परत येऊन पेटीपाशी बसायचा आणि मला हातात घ्यायचा. एल, ई, एम, ओ, एन. शेपूट न वळवता, सरळ. मी अर्थातच उघडायचो नाही, आणि त्याला उघडायचंही नसायचं. तो नुसता ते नाव बघत बसायचा. मग अंगठ्याने पाचही चकत्या विस्कटून आत जायचा. हे मी किती वेळा पाहिलं ते मोजलं नाही. मला सांगता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

नंतर तो आजारी पडला. एक दिवस त्याला दवाखान्यात नेलं आणि तो परत आला नाही. मुलगी मिळेल त्या गाडीने निघाली, पण तिला उशीर झाला. बोलणं राहिलं ते राहिलंच.

महिनाभराने ती पुन्हा आली, आईला आपल्याकडे घेऊन जायला. घर रिकामं करायचं होतं. मदतीला मामा आला, म्हणजे आईचा भाऊ. नोकरीतून निवृत्त झालेला आणि वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यांनी डोकं फिरलेला माणूस. भांडी, कपडे बांधायला घेतले, कपाटं विकायला काढली. अडली ती पेटी आणि पेटीला लटकलेला मी.

पहिल्याच दुपारी आई आणि मामा आत पडले होते तेव्हा मुलगी एकटी पायरीवर आली. तिने मला हातात घेतलं. तिची बोटं गार होती. तिने हळूच, कुणाला आवाज जाऊ नये अशा बेताने, एल लावला. ई लावली. एम, ओ, एन. आणि कडी ओढली.

मित्रांनो, आयुष्यात एवढं असहाय मला कधी वाटलं नाही. फक्त एक घर सरकायचं होतं. मी आतून जोर लावून फुटलो असतो तरी चाललं असतं, पण पितळ असं फुटत नाही. तिने पुन्हा लावलं. पुन्हा ओढलं. मग मला सोडून दिलं आणि गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसून राहिली. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "बदललाय तर." मग तिने माझ्या चकत्या विस्कटल्या, अगदी बाप विस्कटायचा तशाच, आणि तोंड धुऊन आत गेली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

मामा उठला आणि माझे हाल सुरू झाले. "पाच अक्षरी आहे ना? मग हा माझा प्रांत," तो म्हणाला. आधी त्याने 'पेंट' लावून पाहिलं, मग 'ब्रश'. दोन्ही इंग्रजीत बरोबर पाच अक्षरी, दोन्हीसाठी तो स्वतःवर खूश, दोन्ही चूक. मग त्याने चष्मा लावून माझ्या प्रत्येक चकतीवरची अक्षरं मोबाइलमध्ये भरली आणि त्या अक्षरांचे होतील तेवढे सगळे पाच अक्षरी शब्द शोधून काढले. खूप निघाले. तो ए पासून एकेक लावत सुटला. सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी पुन्हा. प्रत्येक शब्दाचा अर्थ मोठ्याने सांगायचा, आणि माहीत नसला तर बनवून सांगायचा.

"अरे, कशाला एवढं?" आई म्हणायची. "ब्रशच आहेत आत."

"ब्रशांचा प्रश्न नाही, ताई. आता हा माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

तिसऱ्या दिवशी तो एल वर आला. मुलगी समोरच वर्तमानपत्रात फोटोच्या चौकटी गुंडाळत होती. मामा म्हणत होता, "एल, ई, ए, आर, एन. लर्न. शिकणे. नाही. एल, ई, एम, ओ, एन. लेमन. लिंबू. हे कशाला असेल, पण लावून बघू." त्याने कडी ओढली. "नाहीच. पुढे."

मुलीने मान वर केली नाही. फक्त हातातली चौकट गुंडाळून झाली होती तिला आणखी एक कागद गुंडाळला, आणि मग आणखी एक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा मी होतो. माझ्या काठाला हात लागून परत जात होते.

संध्याकाळी मुलीनेच किल्लीवाल्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लांब दांड्यांचं कटर घेऊन आला. भला माणूस होता. मला उलटंपालटं करून म्हणाला, "जुनं आहे हो. असं पितळ आता मिळत नाही. खरंच कापू?"

"कापा," मुलगी म्हणाली.

मला भीती वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली. सुटलो एकदाचा, असं वाटलं. फक्त ही पोर जन्मभर चुकीचं समजून बसेल, एवढं एक डाचत होतं.

"अगं, थांब ना," आई म्हणाली. "त्यांच्या हातचं आहे. एवढी घाई कसली? मामा लावतोय अजून."

"क्यू चालू आहे," मामा म्हणाला. "क्यूचे थोडेच असतात. दुपारपर्यंत आर."

"मामा काहीही लावू दे, उघडणार नाही," मुलगी म्हणाली. "आणि उघडलं तरी मला बघायचं नाही कशाने उघडलं ते. कापून टाका."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग किल्लीवाल्याला म्हणाली, "भाऊ, जरा पाणी घ्या तुम्ही." आणि मुलीला म्हणाली, "बस इथे. कुलपावर कसला गं एवढा राग?"

मुलगी बसली. मग एकदम बोलायला लागली, आणि इतक्या दिवसांचं सगळं एका दमात बाहेर आलं. "ते माझ्या नावाने उघडायचं, आई. बाबांनीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशीच लावून पाहिलं मी. नाही उघडलं. त्यांनी शब्द बदलला. मी त्या छपाईवाल्यांकडे गेले म्हणून बदलला. मला वाटायचं, रागावलेत, ओरडतील एकदा आणि मग निवळतील. ओरडलेच नाहीत. नुसतं काढून टाकलं मला."

"कुठलं नाव?"

"लेमन."

"म्हणजे?"

"लिंबू, ताई," मामा हळूच म्हणाला.

"मी सांगितलं होतं पोरीला आंबट नावं ठेवू नका म्हणून," आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "आणि ते कसलं काय बदलतायत? घरातला बल्ब बदलायचा तर महिनाभर मागे लागायला लागायचं मला. ते कुलपाचा शब्द बदलणार?"

"मग उघडत का नाही?"

"शेपूट वळवलंस का?"

"काय?"

"शेपूट गं. रोज सकाळी चालायचं त्यांचं. ओंजळीत धरून काय ते फिरवायचे, मग मोठ्याने म्हणायचे, 'आणि हे शेपूट', आणि अंगठ्याने असं करायचे शेवटी. मला वाटायचं, अडकतं ते. तू लाव बघू तुझं लिंबू."

मुलीने मला उचललं. एल. ई. एम. ओ. एन. तिने मला आईपुढे धरलं. आईने आपला अंगठा, भांडी घासून सालपटं निघालेला, माझ्या शेवटच्या चकतीवर ठेवला आणि जशी तिने रोज दारात उभं राहून पाहिली होती तशीच, वरच्या बाजूला एक टिचकी दिली.

मी उघडलो.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिने कडी पुन्हा लावली, 'लेमन' केलं, ओढली. बंद. टिचकी. उघडी. पुन्हा बंद. पुन्हा उघडी. चार अक्षरं तिची आणि शेवटी एक घर चुकलेलं. माझ्या पितळावर त्या पाच अक्षरांभोवती अंगठ्याने झिजून खळगे पडले होते, आणि एन वर तर टी पेक्षाही खोल. टी कसा झिजला ते कळण्यासारखं होतं. उघडायचं नसतानाही एन इतका का झिजला, तेही तिला कळलं असावं, कारण एन वर बोट ठेवून ती बराच वेळ बसली.

आणि मग तिचं तोंड तसं झालं. डोळे मिटले, नाक वर गेलं, ओठ गायब झाले. ती रडत होती.

"लहानपणापासून हेच तोंड," आई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "उगाच नाही ठेवलं नाव."

मामाने चष्मा वर करून माझ्यावरचा शब्द वाचला. "एल, ई, एम, ओ, टी. लेमॉट. असा शब्दच नाही," तो म्हणाला. "याने तर मला वर्षभर बसवलं असतं." पण मोबाइल त्याने खिशात ठेवून दिला. किल्लीवाल्याने पाणी संपवलं, कटर खांद्याला लावलं आणि जाताना मला एकदा थोपटलं. तपासनीस बाईंनंतर माझं कौतुक करणारा तोच.

पेटीत ब्रशच निघाले. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले, मऊ, आजच धुतल्यासारखे. त्यांत एक अगदी बारका होता, लहान हातात बसावा म्हणून दांड्याला चिंधी गुंडाळलेला. वीसेक वर्षांत तो कुणी वापरला नव्हता. तेल मात्र त्यालाही लागत आलं होतं.

आता मी दुसऱ्या शहरात असतो. पेटी मुलीच्या टेबलाखाली आहे. दिवसभर ती यंत्रावर अक्षरं छापते आणि सुट्टीच्या दिवशी पेटी उघडते. समोरच्या बेकरीच्या पाटीवर तिने परवा हाताने नाव काढून दिलं. आई खिडकीतून बघत होती आणि सांगत होती, "तिसरं अक्षर खाली गेलंय." मामाने मला सरळ करायची रीत शोधून पाठवली आहे. कडी फिरवा, दाबा, सोडा. मुलगी म्हणाली, "नको. असू दे तसंच." त्या दिवशी पायरीवर चकती कुणाच्या बोटाने सरकली, हे तिला अजून माहीत नाही. ते माहीत असणारा मी एकटाच आहे.

मित्रांनो, मी थकलोय. माझं फारसं मागणं नाही. मधूनमधून तेलाचा एखादा थेंब द्या, आणि चालतंय म्हणून वाकडं तसंच ठेवत असाल तर निदान घरात कुणाला तरी सांगून ठेवा. आणि ज्यांच्या नावाने तुमचा दिवस उघडतो ना, त्यांना ते एकदा तोंडाने सांगा. तो पेंटर ते नाव रोज माझ्या अंगावर लिहायचा आणि समजायचा की पोचलं. पोचलं नव्हतं. मला सांगता येत नव्हतं, मी कुलूप आहे. त्याला येत होतं.